हौसाक्कानं आमच्यावर दावा घालावा म्हणून

१२ जानेवारी २००३, रविवार
गाडी आली. सेकंड हँड, पांढरी, हेडलाइट जरा पिवळट. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. दादा गडमुडशिंगीहून एस्टीनं आले, बॉनेटवर हात फिरवत राहिले, मग हळूच मला, "कुणाची म्हणायची?" म्हटलं, तुमच्या सुनेची. खोटं काय त्यात? पैसे तिच्या पगारातले, लायसन तिचं, चालवणार तीच. सुनंदा सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे मी फळ्यावर काढून दाखवीन, पायानं नाही.

शेजारची हौसाक्का म्हशी बांधून तशीच आली आणि बंपरला लिंबू-मिरची लटकवायला बसली. सु. म्हणाली, "आक्का, आमच्यात हे चालत नाही." आक्का: "तुमच्यात नसंल चालत. गाडीला चालतंय की!" दादा पोट धरून हसले. लिंबू राहिलं.

कळंब्यात घर बांधलं तेव्हा कॉलनीतल्या बायका आडनाव ऐकून फाटकाबाहेरूनच हसायच्या. ही एकटी आत आली, चहा मागून घेतला, वर साखर कमी पडली म्हणाली. तेव्हापासून दूध तिचंच.

सु.: "चालवायचं मी बघते. विम्याचं तुम्ही बघा." खातेवाटप झालं.

१६ जाने.
विमा. वाटलं होतं तासाभराचं काम. पहिल्या मालकाची पॉलिसी या महिन्यात संपतेय, आपल्या नावावर नवी काढायला हवी. त्याचा नो क्लेम बोनस आपल्याला नाही, तो माणसाबरोबर जातो. म्हणजे त्या माणसाचं पुण्य तो घेऊन गेला, आम्हाला नुसती गाडी.

शाळा सुटल्यावर नव्या खाजगी कंपनीत गेलो. काचेचं दार, गार हवा, कॉफी. टाय लावलेला मुलगा मला सारखा 'सर' म्हणत होता. रंगीत पत्रक दिलं. पत्रकातलं कुटुंब समुद्रकिनारी हसतंय. छान वाटलं. गुण: स्वागत १०/१०, अक्षर सुवाच्य, मूळ विषयाला बगल.

१८ जाने.
आज सरकारी कंपनी. दुसरा मजला, जिना अंधारा, फायलींचे ढीग. पंख्याखाली देसाई मॅडम. चष्मा नाकावर, समोर डबा उघडा, त्यात मेथीची भाजी. "बसा" म्हणाल्या नाहीत. मीच बसलो. स्वागत २/१०.

दर विचारला तर कळलं की दर सगळ्यांचे सारखेच. सरकारनं बांधून दिलेत. मग तुलना कशाची करायची? मॅ.: "वागणुकीची. पण ती आज दिसणार नाही. अपघात झाल्यावर दिसेल." हे काय उत्तर झालं!

२३ जाने.
उद्यमनगरात गॅरेजला गेलो. म्हटलं कंपन्यांचं वागणं मिस्त्रीला ठाऊक असणार. मिस्त्री गाडीखाली, नुसते पाय दिसत होते. पायांनाच विचारलं. गाडीखालून आवाज: "दोघं बी देत्यात, मास्तर. नवं हसत देतंय, जुनं रडवून देतंय. पर रडवून देतंय ते पुरतं देतंय." अजून दोन गॅरेजं केली. एकानं मला इन्स्पेक्टर समजून पाणी दिलं.

सु. हसते. "लग्न ठरवताना माझी एवढी चौकशी केली नव्हती." खरंय. तिथं नशीब चांगलं निघालं.

२९ जाने.
पुन्हा देसाई मॅ. या वेळी प्रश्न लिहून नेले होते. काच फुटली तर? चोरी झाली तर? टेप वेगळा धरता का? पुरात गाडी बुडाली तर? टायरचं काय? त्यांनी एकेकाचं सरळ उत्तर दिलं. जे मिळत नाही ते आधी सांगितलं. हे मला फार आवडलं. नव्या कंपनीतल्या मुलानं 'मिळत नाही' हा शब्दच उच्चारला नव्हता.

मग चष्मा काढून म्हणाल्या, "मास्तर, सगळं गाडीचं विचारलंत. माणसाचं?"

तेव्हा नीट समजावलं. सगळ्यात खालची पायरी थर्ड पार्टी, कायद्यानं सक्तीची. ती आपल्या गाडीचं काही बघत नाही. आपल्या गाडीमुळं दुसऱ्याला इजा झाली तर त्याचं बघते. त्यावर 'फुल', म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान. चालवणाऱ्या मालकाचा विमा वेगळा, बसणाऱ्यांचा वेगळा. "लोक खालच्या पायरीला नावं ठेवतात, स्वस्तातली म्हणतात. रस्त्यावरच्या माणसाचं नाव पॉलिसीत नसतं, पण मुळात ती त्याच्यासाठीच निघाली."

फुल घेतली. मॅडमकडंच. थ.पा. तर त्यात येतेच, म्हटलं, कायद्याचं शेपूट असू दे. माझा सगळा जीव काच आणि टेपवर.

१४ फेब्रुवारी
सु. काय सुरेख चालवते! आज शिवाजी पेठेतल्या बोळातून, समोरून उसाची बैलगाडी, मागून रिक्षा, हिनं आरसा मुडपून बोटभर जागेतून काढली. बैलगाडीवाला तोंडात बोट घालून बघत राहिला. मी डोळे मिटले होते, हे त्याला दिसलं नसावं.

२ मार्च
गाडीला रिव्हर्सचं म्युझिक बसवलं. गाडी मागं घेतली की टुंग टुंग सूर वाजतो. माझी कल्पना. मागच्या माणसाला सावध करायला उत्तम. सु.ला आवडलं नाही, "आइस्क्रीमवाल्यासारखं वाटतं." राहू दे म्हटलं, सुरक्षितता आहे.

९ एप्रिल
काय झालं ते लिहायला हवं.

सकाळी सु. ड्युटीला निघाली. गाडी फाटकातून मागं घेत होती. बोळातून हौसाक्का म्हशी घेऊन येत होती. सूर वाजला. पुढची म्हैस बुजली, उसळली. दावं आक्काच्या मनगटाला गुंडाळलेलं. तिला ओढत आणून चाकाच्या मागं टाकलं. गाडी थांबेपर्यंत चाक...

मांडीचं हाड. सु.नंच ओळखलं. फळी बांधली, मागच्या सीटवर घातलं, त्याच गाडीतून दवाखान्यात. मी म्हशी धरून उभा होतो.

१० एप्रिल
ऑपरेशन. आत रॉड घातला.

दवाखान्यात विचारलं, कसं लागलं? आक्कानं सांगितलं, "न्हाणीत घसरलो." तसंच लिहून घेतलं. सु. शेजारी उभी होती, पांढऱ्या कपड्यात, काही बोलली नाही. घरी येऊन भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासली.

मग म्हणाली, "मी आरशात बघितलं नव्हतं. सूर वाजतोय, माणूस बाजूला होईल, असं धरून चालले होते."

१३ एप्रिल
तालमीचे अण्णा, आक्काची सून रेखा, गल्लीतली चार माणसं आमच्या ओसरीवर. अण्णा: "पोलीस-बिलीस काय न्हाय. घरातलं हाय. सरकारी नोकरी हाय बाईंची, डाग कशाला? मिटलं." नारळ दिला, घेतला. चहा झाला. इथं असंच मिटतं आणि मिटलेलं कोणी उकरत नाही. सगळे गेल्यावर मी मोठा श्वास घेतला. सु. आतच होती.

गाडीला साधा ओरखडा नाही. काच शाबूत, टेप वाजतोय.

६ मे
आक्का घरी आली. काठी. डॉक्टरांनी सांगितलंय, उकिडवं बसायचं नाही, कदाचित कधीच. धार काढायची तर उकिडवंच बसावं लागतं. रोज संध्याकाळी नाक्यावर म्हशी न्यायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचा, हा तिचा आयुष्यभराचा धंदा. तालमीतली पोरं रांग लावायची. रेखा बसली तर म्हैस पान्हा सोडत नाही, लाथ मारते. स्टूल आणून बघितलं, म्हशीला स्टूलही चालत नाही.

आम्ही खर्च देऊ केला. आक्का: "मास्तर, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय, उपकार न्हाय खायाचा." पैशांची पिशवी परत.

१२ मे
देसाई मॅडमकडं गेलो. कशाला गेलो मलाच ठाऊक नाही. बहुतेक कोणीतरी बरं केलं म्हणावं म्हणून. सगळं सांगितलं, मिटवल्याचंही.

एवढा राग मी कुठल्या हपिसात बघितलेला नाही. "मिटवलं म्हणजे काय केलंत? त्या बाईला कायद्यानं जे मिळायचं ते गल्लीनं नारळावर सोडलं. थर्ड पार्टी कोण ते सांगितलं होतं ना? ही. आता चेहरा दिसला?"

मग शांतपणे सांगितलं. आधी पोलिसांत खरं जायला हवं. मग आक्कांनी कोर्टात दावा घालायचा, गाडीवाल्यावर आणि कंपनीवर. कोर्टानं चूक गाडीवाल्याची ठरवली की भरायचं कंपनीनं. कंपनीचा वकील उलट प्रश्न विचारील, त्याचं ते काम, राग मानू नका. मी विचारलं, मॅडम, तुम्ही कंपनीच्या, तुम्ही गप्प राहिला असता तर कंपनीचं भलंच होतं. म्हणाल्या, "कंपनीनं हप्ता कशाचा घेतलाय?" आणि डबा उघडला.

मार्क द्यायला गेलो होतो मी या बाईला.

१३ मे
सु.ला सांगितलं. तिच्यावर गुन्हा नोंद होणार, खात्याला कळवावं लागणार, चौकशी, कदाचित बढती अडकणार. वॉर्ड इन्चार्ज व्हायची वेळ आत्ताच आलीय. मी हळूहळू सांगत होतो, म्हणजे ती नको म्हणेल. तिनं ऐकलं. चप्पल घातली.

ठाण्यात मीही गेलो. हवालदार: "मॅडम, आरोपी बी तुम्ही आणि खबर देणार बी तुम्हीच? असं कसं चालंल? पावणं, तुम्ही तरी सांगा की." सु. म्हणाली, "चालतं. लिहा." दवाखान्यात जाऊन न्हाणीचं खोटंही दुरुस्त करून आली, ड्युटीवरच्या डॉक्टरांसमोर. त्या डॉक्टरांशी रोज काम करायचंय तिला.

ही बाई माझी बायको आहे, याचा मला आज जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

२० मे
आक्का भयंकर चिडली. पंचनाम्याला पोलीस दारात आले. "माझ्या दारात खाकी आणलीस? तुझ्यावर केस? माझ्यापायी?" दूध बंद. चहात पिशवीचं दूध. चव लागत नाही.

१७ जून
शाळा सुरू. वकील ठरवून दिला, देसाई मॅडमनीच नाव सुचवलं, वर म्हणाल्या, "चांगला आहे, आम्हाला त्याचा त्रास होतो." वकीलपत्रावर आक्काचा अंगठा हवा. तिनं दार लावून घेतलं. मी खिडकीतून म्हटलं, "आक्का, आमच्यावर दावा घाला की! पाया पडतो." बोळातून जाणारा पोस्टमन थांबून बघायला लागला. आतून: "मास्तर, डोकं फिरलंय तुमचं. शेजाऱ्यावर कोण कोर्टात जातंय?"

खिडकीशी उभा राहून शेजाऱ्याला 'माझ्यावर खटला भर' म्हणून विनवणारा हेडमास्तरपदाचा उमेदवार. कोणी विद्यार्थ्यानं बघितलं नसेल, ही आशा.

२९ जून
एक म्हैस विकली आक्कानं. शाहूवाडीकडचा माणूस घेऊन गेला. म्हैस बोळाच्या तोंडाशी अडून राहिली, मागं बघत. आक्का ओट्यावर काठी घेऊन. रडली नाही. आमच्याकडं बघितलंही नाही.

सु. आज जेवली नाही.

६ जुलै, रविवार
दादा आले होते. सगळं कळल्यावर थेट आक्काकडं गेले. मी मागं. दादा जमिनीवर बसले, ती ओट्यावर.

दादा: "बाई, सुनेवर राग हाय का कायद्यावर?"
आक्का: "सुनंदेवर कशाला राग? लेक हाय ती माझी. तिच्या नावानं कोर्टात उभं ऱ्हायचं म्हंजी..."
दादा: "तिच्या नावानं न्हाय. स्वतःच्या नावानं. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलो. मागायचं असतंय, हक्काचं असतंय, हेच कळाया आमच्या दोन पिढ्या गेल्या. तुमचं तुमच्या दारात चालत आलंय, आन् तुम्ही लाजताय?"

आक्कानं काठी भिंतीला टेकवली. मग रेखाला हाक मारली, "चहा टाक गं. साखर बगून घाल, मागं कमी पडली हुती म्हणून मी यांच्या घरात बोललेलं अजून काढत्यात." आणि माझ्याकडं, "आणा तो कागद. अंगठा देतो. पर कोर्टात काय बोलायचं ते माझं मी बगीन."

दादांचा मुलगा म्हणून आज छाती भरून आली. संध्याकाळी दूध आलं.

२८ जानेवारी २००४
सु.ला खात्याचं पत्र: बढती तूर्त स्थगित. तिनं वाचलं, घडी घातली, ड्युटीला गेली. मीच दिवसभर वर्गात पोरांवर ओरडत होतो. गंगेला कृष्णेच्या खोऱ्यात घातलं.

पॉलिसी रिन्यू केली. कुठं करायची हे या वर्षी कोणाला विचारलं नाही. देसाई मॅ.: "या वेळी काचेबद्दल काही विचारायचं नाही?" रिव्हर्सचा सूर काढून टाकला, हे त्यांना सांगितलं. मान हलवली.

१८ ऑगस्ट २००५
आज कोर्ट.

सकाळी आक्का इरकलीत, नवी काठी, दारात उभी. म्हटलं रिक्षा आणतो. "रिक्षा कशाला? गाडी हाय की." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. दावा घालणारी आणि जिच्यावर दावा घातलाय ती, शेजारी शेजारी, ज्या गाडीखाली ती आली त्याच गाडीत. मी मागं, दोघींचे डबे मांडीवर. कोर्टाच्या फाटकात आक्काचा वकील उभा. त्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, निदान वेगळ्या दारानं तरी आत या!"

देसाई मॅडम मागच्या बाकावर. आज आल्या नसत्या तरी चाललं असतं. आल्या.

आक्का पिंजऱ्यात. बसायला खुर्ची दिली, घेतली नाही. तिच्या वकिलानं बाहेर दहादा पढवलं होतं: गाडी मागं न बघता घेतली, एवढंच सांगा, आणि ते खरंच आहे. कंपनीच्या वकिलानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग: "बाई, अपघात झाला त्यात चूक कोणाची?"

आक्काचे काठीवर दोन्ही हात. तिनं सु.कडं बघितलं. सु.नं मान हलवली, सांगा, सांगून टाका.

"चूक म्हशीची, साहेब," आक्का म्हणाली. "बुजरीच हुती ती. म्हणून तर इकली. लिवा तसं."

कंपनीचा वकील लगेच खाली बसला. त्याला पाहिजे ते मिळालं होतं. आमच्या, म्हणजे आक्काच्या, वकिलानं डोळे मिटले. देसाई मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि सु. उभी राहिली. "साहेब, चूक माझी आहे. मी आरशात बघितलं नाही."

न्यायाधीशांनी वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"सामनेवाली एक नंबर."

"तुमची पाळी आल्यावर बोला. बसा."

सु. बसली नाही. पिंजऱ्यातून आक्का, "बस गं खाली! साहेब, तिचं काय ऐकू नका, ती दमल्यावर अशीच बोलती." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. टंकलेखकाला थांबवलं, दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, सामनेवालीचा जबाब पुढच्या वेळी सविस्तर घेऊ.

बाहेर देसाई मॅ. म्हणाल्या, वकिलाला आनंद झालाय, मला नाही. लोकअदालतीत ठेवता येतं का बघते, तिथं चूक कोणाची हे काढत बसत नाहीत. वरच्या हपिसला लिहिते. "शब्द देत नाही, मास्तर." मला त्यांचं हेच पटतं.

गाडीत बसलो. सु.नं चावी लावली, फिरवली नाही. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून, "का केलंत असं, आक्का? मी नोकरी पणाला लावली त्यासाठी. चूक माझी होती. तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत हाय की."

"मग?"

आक्कानं काठी दोन सीटांच्या मधून मागं माझ्याकडं दिली. दुखरी मांडी दोन्ही हातांनी उचलून सरळ केली.

"पाय माझा मोडलाय न्हवं? मग चूक कुणाची ते मी ठरवणार. चालव गाडी."

सु.नं डोळे पुसले. आरशात बघितलं, परत बघितलं, मागं वळून बघितलं. काच खाली करून पुन्हा बघितलं. मागं कोणीच नव्हतं. तरी बराच वेळ तिनं गाडी मागं घेतली नाही, आणि आक्काही तिला घाई करेना.